मात्रा लागू पडली

ज्या घरांत पंचा आणि उपरणें यांची पिढ्यान्‌पिढ्या चाल होती, त्या आमच्या घरांत ‘टी-शर्ट’ नांवाचें वस्त्र केव्हां शिरलें, हें आतां कोणासच सांगतां यावयाचें नाहीं. बाह्या पसरून ठेवल्या म्हणजे इंग्रजी ‘टी’ या अक्षराचा आकार दिसतो म्हणून त्यास तें नांव पडलें, एवढें आम्हांस ठाऊक होतें. बाकी त्याविषयीं आमचें मत फारसें अनुकूल नव्हतें. गुंड्या नाहींत, गळपट्टी नाहीं, आणि छातीवर मात्र दुकानाच्या पाटीप्रमाणें कांहींतरी लिहिलेलें! धाकट्या पुतण्याच्या अंगावर परदेशांतील कोणत्याशा विद्यापीठाचें नांव पाहून ‘तूं तेथें केव्हां शिकलास?’ असें आम्हीं एकदां विचारलें होतें, तेव्हां सगळें घर हंसलें. ज्याची आपणांस पुरती ओळख नाहीं तें छातीवर मिरवूं नये, हा आमचा मुद्दा त्या हंसण्यांत कोणीं ऐकून घेतला नाहीं.

तोच मुद्दा गेल्या आश्विनांत फिरून आमच्याच अंगावर आला. त्याची हकीकत येथें सांगावयाची आहे. ती फार मोठी आहे असें नव्हे. परंतु जी चूक चारचौघांत झाली तिची कबुलीहि चारचौघांत असावी, एवढाच हेतु.

आम्ही अंबाजोगाईस राहतों. घर एकत्र आहे. थोरल्या वहिनी, आम्ही उभयतां, धाकटे बंधु व त्यांचा परिवार मिळून एका पंक्तीस तेराचौदा पानें मांडावीं लागतात. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. परंतु मुंज झाल्यापासून रूपावलि आणि समासचक्र घरींच पाठ झालें होतें, व पुढें एका शास्त्रीबुवांपाशीं बसून लघुकौमुदी झाली. प्राथमिक शाळेंत अडतीस वर्षें मास्तरकी केली. तांबड्या शाईच्या दौती किती रिकाम्या केल्या याची गणतीच नाहीं. शाळेबाहेर दर रविवारीं सकाळीं आमच्या ओसरीवर संस्कृताचा एक लहानसा वर्ग भरत असे, व तो सेवानिवृत्तीनंतर अजूनहि भरतो. त्यास फी नाहीं, हजेरीपट नाहीं; जो येईल तो विद्यार्थी.

आमची नात येथील एका महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षास आहे. हें महाविद्यालय आमच्या भागांतील इतर अनेक महाविद्यालयांप्रमाणें मराठवाड्याच्या विद्यापीठाशीं जोडलेलें आहे. आमच्या वडिलांच्या तरुणपणीं हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. पदवीचें शिक्षण घ्यावयाचें तर बहुतेकांस हैदराबादेच्या उस्मानिया विद्यापीठाची वाट धरावी लागे, व तेथील शिक्षण उर्दूंतून चाले. १९४८ सालीं तें राज्य गेलें, आणि १९५८ च्या ऑगस्टांत औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ उघडलें. १९९४ सालीं त्याच्या नांवाचा विस्तार होऊन त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव लाभलें. औरंगाबाद शहरहि आतां छत्रपति संभाजीनगर झालें आहे. या विद्यापीठाचा युवक महोत्सव भरतो. गायन, वादन, नृत्य, नाट्य, वाङ्मय आणि ललितकला अशा सर्व अंगांच्या स्पर्धा त्यांत असतात, आणि खेड्यापाड्यांतील महाविद्यालयांचीं मुलेंहि संघ करून तेथें जातात. त्यांतून निवडलेलीं पुढें राज्यांतील सर्व विद्यापीठांच्या ‘इंद्रधनुष्य’ महोत्सवास जातात. ज्या मुलानें आपल्या गांवच्या पारापलीकडे कधीं तोंड उघडलें नाहीं, त्यास तेथें हजारांपुढें उभें राहावें लागतें. म्हणून या महोत्सवास आम्ही केवळ करमणूक समजत नाहीं.

तर गेल्या वर्षीं या मुलांच्या मनांत आलें कीं, आपला संघ एका वेषांत जावा. टी-शर्ट एकाच रंगाचे घ्यावे, व त्यांवरील चित्र विकत न आणतां विद्यार्थ्यांमध्येंच स्पर्धा लावून निवडावें. नियम थोडके होते. कापड गर्द निळें. त्यावर शाई एकच, पांढरी. चित्र एका वितीहून मोठें नसावें. कागदावर नांव न घालतां क्रमांक घालावा. एकाच शाईचा आग्रह कां, असें आम्हीं नातीस विचारलें, तेव्हां तिनें या छपाईची सगळी रीत समजावून सांगितली. लांकडी चौकटीवर बारीक जाळीचें कापड ताणून बसवतात. त्यावर उजेडानें घट्ट होणारा लेप देतात. चित्र काळ्या रंगांत पारदर्शक कागदावर उतरवून तो कागद लेपावर ठेवतात, व वरून प्रखर उजेड पाडतात. जेथें उजेड पोंचतो तेथला लेप घट्ट होतो; चित्राच्या सावलींतला मऊ राहतो, तो पाण्यानें धुऊन जातो. मग त्या मोकळ्या झालेल्या जाळींतून रबरी पट्टीनें शाई दाबून खालच्या कापडावर उतरवावयाची. प्रत्येक रंगास निराळी चौकट लागते, आणि प्रत्येक चौकटीस निराळा पैसा. मुलांनीं वर्गणी काढलेली. म्हणून एकच शाई. हें ऐकून स्पर्धेविषयींचा आमचा आदर वाढला. कोठल्याहि कलेस मर्यादा घालून दिल्यावांचून तिची परीक्षा होत नाहीं. वृत्तांत श्लोक रचणारास हें सांगावयास नको.

नातीचें पहिलें चित्र मात्र मर्यादा न मानणारें होतें. योगेश्वरीच्या देवळाचें शिखर, त्याच्या एका बाजूस वीणा, दुसऱ्या बाजूस घुंगरूं, वर नाटकाचे दोन मुखवटे, खालीं कुंचला, आणि उरल्या जागेंत मोर. वहिनी म्हणाल्या, “अग, हें चित्र आहे कीं रुखवत?” ती रुसली. आम्हीं तिची समजूत घालण्यासाठीं दोन स्पर्धांची आठवण काढली. २०१० सालीं आपल्या रुपयास चिन्ह मिळालें, तें अशाच एका खुल्या स्पर्धेंतून. तीन हजारांहून अधिक चित्रें आलीं होतीं. निवडलें गेलें तें मुंबईच्या आय.आय.टी.मध्यें शिकणाऱ्या उदयकुमार यांचें. काय आहे त्यांत? आपला देवनागरी ‘र’, त्याची शिरोरेषा, आणि तिच्याखालीं आणखी एक रेघ. पुढें २०१४ सालीं स्वच्छ भारत मोहिमेचें बोधचिन्ह निवडलें गेलें, तें आपल्या कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचें. त्यांत गांधीजींचें तोंड नाहीं, काठी नाहीं, चरखा नाहीं, नुसता चष्मा. तेवढ्यानें सगळा देश ओळखतो. “तुझ्या मोरास रजा दे,” आम्हीं म्हटलें, “आणि जें फक्त आपल्या गांवचें आहे असें एकच कांहीं शोध.”

शोधावयास फार दूर जावें लागलें नाहीं. दासोपंत आमच्या गांवचे. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. त्यांचा जन्म बीदरजवळच्या नारायणपेठेचा, परंतु आयुष्य गेलें तें अंबाजोगाईंत, आणि समाधिहि येथेंच. त्यांच्या लिहिण्याचा झपाटा असा कीं, त्यांस दररोज ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. पंचीकरणाच्या विषयावर त्यांनीं जो ग्रंथ लिहिला तो कागदावर नव्हे, तर एका जाड्याभरड्या लांबलचक कापडावर. हीच ती ‘पासोडी’. ती सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद आहे असें सांगतात, आणि एवढीं शतकें लोटलीं तरी येथें जतन करून ठेवलेली आहे. आम्हीं लहानपणीं वडिलांचें बोट धरून ती पाहिली तेव्हां, एवढें मोठें पांघरूण लिहून कां खराब केलें, असें विचारल्याचें आम्हांस आठवतें.

नातीचे डोळे चमकले. “म्हणजे आजोबा, कापडावर लिहिण्याची चाल आपल्याकडे चारशें वर्षांची आहे, आणि तुम्ही माझ्या टी-शर्टाला नांवं ठेवतां!” या प्रश्नास उत्तर नव्हतें. तिनें चार दिवस खपून नवें चित्र काढलें. एक लांब पासोडी उलगडत वर चढते आहे, आणि तिचें वरचें टोंक हळूहळू रंगभूमीचा पडदा होऊन दुभंगतें आहे. बस्स, इतकेंच. पांढऱ्या रेघा मोजक्या. आम्हांस तें चित्र मनापासून आवडलें. पासोडी म्हटली कीं तीवर अक्षर हवें, म्हणून तिनें आमच्याकडे संस्कृतांत एक लहानशी ओळ मागितली. आम्हीं तेथल्या तेथें ‘कलासु मनो रमते’ अशी ओळ लिहून दिली. कलांमध्यें मन रमतें. अर्थ सोपा, आणि व्याकरण बिनचूक.

येथेंच थांबलों असतों तर हा लेख लिहावा लागला नसता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती घाईघाईनें आली. “आजोबा, पासोडीवर थोडी जागा उरते. आणखी एक शब्द हवा. महोत्सव दरवर्षीं येतो, तर ‘पुन्हां रमतें’ असं कांहीं करतां येईल का?” आम्ही पूजेस बसावयाच्या बेतांत होतों. सोवळ्यानेंच तिच्या वहींत मध्यें ‘पुनः’ घातला, ‘मनो’चा ‘मनः’ केला, आणि संधि करून ओळ लिहिली, ‘कलासु मनः पुनो रमते’. लिहितांना हात क्षणभरहि अडखळला नाहीं. अडखळावयास हवा होता.

त्या ओळीसह चित्र गेलें, आणि तेंच निवडलें गेलें. एकंदर तेवीस चित्रें आलीं होतीं. दुसरा क्रमांक ज्याचा आला त्या मुलाचें चित्र नातीनें आम्हांस मोबाईलवर दाखविलें. त्यांत अक्षर एकहि नव्हतें. गोधडीस घालतात तसा धांवदोरा कापडाच्या एका कडेनें निघतो, चढतो, उतरतो, आणि पाहतां पाहतां बालाघाटाची डोंगररांग होतो. शेवटीं सुई तशीच लोंबत राहिलेली. आम्ही पुष्कळ वेळ पाहत राहिलों. मनांत आलें कीं, हें चित्र आमच्या घरच्या चित्राहून सरस आहे; परीक्षक संस्कृत ओळीस भुलले असावे. पण वहिनींनीं शिरा केला होता, घरांत आनंद होता, आणि तो विचार आम्हीं शिऱ्याबरोबर गिळून टाकला.

पुढच्या रविवारीं वर्ग सुटल्यावर तोच मुलगा ओसरीवर मागें राहिला. तो आमचा जुना विद्यार्थी. त्याच्या मातापित्यांची ऊसतोडीची मजुरी. आमच्या जिल्ह्यांतून दर वर्षीं दसरादिवाळीच्या सुमारास लक्षावधि माणसें मुकादमाकडून उचल घेऊन साखर कारखान्यांच्या फडांवर जातात व उन्हाळा लागतां परततात. नवराबायको मिळून तेथें ‘एक कोयता’ म्हणून मोजलीं जातात. दोन माणसांचें नांव एका हत्यारावर पडतें. हा मुलगा त्या सहा महिन्यांत मागें हंगामी वसतिगृहांत राहून शिकला. आठवींत असतांना कोणाच्या तरी संगतीनें आमच्या ओसरीवर आला, तो अजून येतो.

“गुरुजी, एक शंका होती.”

“बोल.”

तो मान खालीं घालून म्हणाला, “टी-शर्ट छापून आलेत. चाळीस झाले, बारा राहिलेत. त्यावर ‘पुनो रमते’ आहे. तुम्हीच शिकवलं होतं, ‘पुनर्’मधल्या विसर्गाला ‘ओ’ होत नाही. पुढं ‘र’ आला की... मी चुकत असेन.”

तो चुकत नव्हता. ज्या वाचकांस या भानगडींत पडण्याची संवय नाहीं त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. ‘मनस्’ या शब्दाच्या शेवटीं मुळांत ‘स्’ आहे. म्हणून ‘मनो रमते’ होतें. ‘पुनर्’च्या शेवटीं मुळांत ‘र्’ आहे. त्यापुढें दुसरा ‘र’ आला म्हणजे पहिला नाहींसा होतो, आणि त्याच्या मागचा स्वर दीर्घ होतो. म्हणून शुद्ध रूप ‘पुना रमते’. निर् आणि रस मिळून ‘नीरस’ होतें तें याच नियमानें. पाणिनीनें हा लोप अवघ्या दोन अक्षरांच्या सूत्रांत सांगून ठेविला आहे, आणि आम्हीं तो या ओसरीवर निदान पंचवीस वेळां शिकविला असेल. पहिल्या ओळींतील ‘मनो’चा ओकार कानांत घुमत होता, तो हातानें उचलून दुसऱ्या शब्दास लावला.

आतां आमचें वर्तन कसें होतें तें सांगतों. “बरोबर आहे रे, आमची चूक झाली,” हे सहा शब्द बोलावयाचे होते. त्याऐवजीं आम्ही म्हणालों, “पाहतों. कांहीं ठिकाणीं आर्ष प्रयोग असतात.” मुलगा नमस्कार करून गेला. आम्ही माडीवर जाऊन पुस्तकें काढलीं, आणि दुपारपासून रात्रींपर्यंत त्या चुकीस कोठें आधार सांपडतो का हें शोधीत बसलों. अडतीस वर्षांत एकाहि विद्यार्थ्याच्या चुकीसाठीं आम्हीं असा आधार शोधला नव्हता. त्याच्या वाट्यास तांबडी शाई. आधार अर्थातच सांपडला नाहीं. तरीहि सोमवारीं सकाळीं आम्ही कोणाजवळ कांहीं बोललों नाहीं. संस्कृत आतां वाचतो कोण, कोणाच्या लक्षांत येणार, असा हिशेब मनांत चालला होता. ज्या भाषेच्या जोरावर आयुष्यभर मान मिळविला, ती कोणास समजत नाहीं याचा आम्हांस त्या दिवशीं आधार वाटला! याहून मोठी नामुष्की ती कोणती?

सोमवारीं संध्याकाळीं नात नेहमींप्रमाणें आली, जेवली, आणि आपल्या खोलींत गेली. वहिनींनीं पान उचलतांना पाहिलें कीं भात तसाच आहे. रात्रीं त्या आमच्याकडे आल्या. वहिनी आम्हांस धाकट्या दिराप्रमाणेंच वागवितात. आमचे केंस पांढरे झाले हें त्यांच्या हिशेबीं नाहीं. त्या म्हणाल्या, “पोरीला आज कॉलेजांत सगळ्यांसमोर बोलून घेतलं. ओळींत चूक आहे म्हणे. सरांनीं विचारलं, घरांत संस्कृत जाणणारं माणूस असून असं कसं? तर ती म्हणाली, आजोबांनीं बरोबर दिली होती, माझ्या हातून उतरवतांना चुकली. भावजी, वही मीं पाहिली आहे. अक्षर तुमचं आहे.”

त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. आमच्या नांवास बोल लागूं नये म्हणून एकोणीस वर्षांच्या मुलीनें खोटें सांगितलें, आणि तिला खोटें सांगण्याची पाळी आली ती आमच्या मौनामुळें. रविवारीं दुपारीं आम्ही दोन फर्लांग चालत गेलों असतों तर सोमवार उगवलाच नसता.

मंगळवारीं सकाळीं धोतर-कोट करून महाविद्यालयांत गेलों. प्राध्यापक महाशय आमच्याहून तीस वर्षांनीं लहान. मुलांची तालीम चालली होती. तेथेंच सर्वांस बसवून घ्यावें अशी आम्हीं विनंति केली. मग जसें घडलें तसें सांगितलें. ओळ आमची, अक्षर आमचें, चूक आमची. चि. नातीनें जसें दिलें तसेंच उतरविलें. आणि या मुलानें रविवारींच चूक दाखविली असतां आम्हीं त्यास उडवाउडवीचें उत्तर दिलें. एवढें बोलून आम्ही त्या मुलाकडे वळलों व म्हटलें, “तूं जे शिकलास तें आम्ही विसरलों. आज तूं गुरु.” तो इतका ओशाळला कीं खांबामागें जाऊन उभा राहिला. नात रडत होती. प्राध्यापकांनीं मोठ्या मनानें आमचा हात धरून खुर्चीवर बसविलें, आणि नातीस सर्वांसमोर बोलल्याबद्दल सर्वांसमोरच दिलगिरी दाखविली. हेंहि येथें नमूद करणें न्यायाचें आहे.

आतां प्रश्न उरला टी-शर्टांचा. पुन्हां छापावे तर वर्गणी संपलेली. तेव्हां तो मुलगा खांबामागून म्हणाला, “सर, ‘नो’चा ‘ना’ करायचाय. कांहीं वाढवायचं नाही, वरची मात्रा फक्त काढायची आहे.” सगळे चकित झाले. खरेंच! काना आहे तो तसाच हवा. चूक आहे ती काय ती डोक्यावरच्या एका मात्रेची. उरलेल्या बारांसाठीं तर छापणारानें चौकटीवर त्या मात्रेपुरती चिकटपट्टी लावली कीं काम झालें. शाई तेथून उतरावयाचीच नाहीं. चाळीसांचें काय? मुलगा म्हणाला, “आईच्या गोधडीला भोक पडलं तर ती गोधडी टाकत नाही. टांका घालते.”

त्या दिवशीं दुपारीं चाळीस टी-शर्टांचें गांठोडें आमच्या घरीं आलें. नातीचें म्हणणें, गर्द निळा दोरा घ्यावा, म्हणजे कापडांत मिळून जाईल व चूक झाली होती हें कोणास कळावयाचें नाहीं. आम्हीं म्हटलें, “नाहीं. दोरा तांबडा घ्या. आम्हीं सगळ्या तालुक्याच्या वह्यांवर तांबडी शाई चालविली. आपल्या चुकीस निळा दोरा कसा चालेल?” वहिनींनीं सूत्रें हातीं घेतलीं. हें विणीचें कापड ताणलें जातें, दोरा ओढून घेतला तर चुणी पडते, म्हणून आंतून धोतराच्या जुन्या कापडाचा नखाएवढा तुकडा लावून मग टांका सैल घालावा, अशी ताकीद त्यांनीं दिली. नात, तिच्या चार मैत्रिणी, घरच्या सुना आणि तो मुलगा असे ओसरीवर ओळीनें बसले. मुलाचा टांका सर्वांत सारखा. आमच्याकडे सुयांत दोरा ओंवण्याचें काम दिलें होतें. चष्मा असूनहि तें फारसें साधलें नाहीं. एक टी-शर्ट मात्र आम्हीं हट्टानें स्वतः शिवला. बोटास दोनदां सुई टोंचली. वहिनींनीं तो पाहून उसवला, आणि पुन्हां शिवावयास लावला. संध्याकाळपर्यंत चाळीस मात्रा तांबड्या टांक्यांनीं खोडल्या गेल्या.

अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणांस पुत्रजन्माएवढा आनंद होतो, असें म्हणतात. आमच्या घरीं त्या दिवशीं एकेक करून चाळीस सबंध मात्रा वांचल्या. त्या आनंदाचें मोजमाप कसें करावें! आणि ज्या मुलाच्या चित्रास दुसरा क्रमांक मिळाला, त्याच्या चित्रांतला टांका अखेर सगळ्या संघाच्या छातीवर गेला. परीक्षकांच्या हातून जें राहिलें तें असें आपोआप पुरें झालें.

संघ महोत्सवास गेला. परत आल्यावर नातीनें सांगितलें कीं, ज्यांच्या वांट्यास नवे छापलेले बारा आले होते तीं मुलें कुरकुरत होतीं. आम्हांसहि तांबडा टांका पाहिजे, असें त्यांचें म्हणणें. दुसऱ्या महाविद्यालयांचीं मुलें येऊन विचारीत, ही नवी तऱ्हा काय आहे? मग आमचीं मुलें त्यांना विसर्गसंधि समजावून देत. एकानें ‘पुना रमते’ वाचून म्हटलें म्हणे, “खरं आहे, बीडचीं पोरं शेवटीं पुण्यातच रमतात!” विनोद म्हणून आम्हीहि हंसलों. पण नोकरीच्या आणि परीक्षांच्या पाठीमागें आमच्या गल्लींतून किती मुलें पुण्यास गेलीं हें मनाशीं मोजूं लागलों, तेव्हां हंसूं ओसरलें.

त्या मुलाचीं आईवडील दिवाळीनंतर फडावर गेलीं. जाण्यापूर्वीं तो आईस घेऊन आमच्याकडे आला होता. तिनें वहिनींस आपल्या हातची एक लहान गोधडी दिली. वहिनींनीं टांका निरखून पाहिला, आणि म्हणाल्या, “पोराचा हात कुठून आला तें आतां कळलं.” ती बाई हंसली, पण कांहीं बोलली नाहीं. जातांना तिनें मुलाच्या डोक्यावरून हात फिरविला व एवढेंच म्हटलें, “रविवार चुकवूं नको.”

संघानें एक टी-शर्ट आम्हांस भेट दिला आहे. जो आम्हींच शिवला होता, तोच नेमका. अंगांत घालण्याचें धैर्य या वयांत होत नाहीं. तो ओसरीवरच्या खुंटीस टांगून ठेविला आहे. रविवारीं विसर्गसंधि आला म्हणजे आम्ही फळ्याकडे न वळतां त्या खुंटीकडे बोट दाखवितों. नवीं मुलें विचारतात, “गुरुजी, ही चूक कुणाची?”

आम्ही सांगतों.